गॅस कटर लोखंड वितळवत नाही

भोसरीतल्या एका भंगाराच्या दुकानासमोर परवा चहाची जुनी गाडी मोडायला घेतली होती. पाय आणि सांगाडा लोखंडी अँगलचा, वरचा ओटा स्टेनलेस स्टीलचा, छप्पर जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचं. सगळं वेल्डिंगनं जोडलेलं. मी तासभर तिथेच उभा राहिलो.

नटबोल्ट उलटा फिरवता येतो. डाख दिलेला सांधा तापवला की सुटतो, कारण डाखाचा धातू आधी वितळतो. वेल्डिंगचं तसं नाही. दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून एकत्र गोठतात, मग उसवायला शिवणच उरत नाही. कापावंच लागतं.

गाडी मोडणाऱ्या दादांनी गॅस कटर पेटवला. अँगलचा एक ठिपका लालभडक होईपर्यंत ज्योत धरली आणि मग कटरचा दांडा दाबला. फस्स आवाज झाला, खालून ठिणग्यांचा पाऊस पडला आणि पाय सुटला. बघणाऱ्याला वाटतं, लोखंड वितळलं. खरं तर ते जळालं! लोखंड सुमारे ९०० अंशांपर्यंत तापलं आणि त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला, की ते लाकडासारखं पेट घेतं. त्या जळण्यातूनच इतकी उष्णता निघते की शेजारचं लोखंडही पेटायला तयार होतं. गंजाला ज्या कामाला वर्षं लागतात, जवळपास तेच इथे क्षणात होतं. शिवाय एक गोष्ट फार सोयीची आहे: तयार होणारं ऑक्साइड पोलादाच्या आधी, १४०० अंशांच्या आसपास, पातळ होतं. त्यामुळे झोत ते उडवून लावतो आणि खालचं ताजं लोखंड उघडं पडतं.

ओट्याशी आल्यावर दादांनी कटर बंद केला. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, आणि त्याचं ऑक्साइड २४०० अंशांच्या वर वितळतं. धातू पातळ होतो, पण वरची साय हलत नाही आणि ऑक्सिजन आत पोचत नाही. ॲल्युमिनियमचीही हीच अडचण. ते स्वतः ६६० अंशांना वितळतं, त्याचं ऑक्साइड मात्र २००० च्या वर. अशा धातूंना प्लाझ्मा कटर, म्हणजे विजेनं तापवलेल्या वायूच्या झोतानं कापणारं यंत्र लागतं, नाहीतर ग्राइंडर.

दादांनी ग्राइंडर घेतला. चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगानं धावत असते. म्हणून तडा गेलेली चकती फुटली तर गोळीसारखी लागते. चकतीवरचं संरक्षक झाकण, म्हणजे गार्ड, काढून काम करणारी पोरं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. दादांनी वेल्डचा टाका लोखंडाच्या बाजूनं घासायला घेतला, म्हणजे महागाचं स्टील वाया जात नाही. घासताना नजर ठिणग्यांवर. लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळ्या. त्या आखूड आणि तांबूस झाल्या की स्टेनलेस लागलं, थांबायचं!

एवढी निगुतीनं तोडफोड कशाला? जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्यांत सगळं एकत्रच वितळवलं तर? पण भट्टी सगळं वेगळं करत नाही. तांबं आणि निकेल यांच्यापेक्षा लोखंडाचीच ऑक्सिजनशी गट्टी जास्त, त्यामुळे हे दोन धातू जळून बाहेर पडत नाहीत, पोलादात मुक्काम ठोकतात. तांबं वाढलं तर गरम पोलाद लाटताना पृष्ठभागाला भेगा पडतात. आणि स्टेनलेसमधलं मोलाचं निकेल साध्या सळईत कायमचं अडकून बसतं.

छपराचा पत्रा पट्टीला स्पॉट वेल्डिंगनं पकडलेला होता. यात दोन पत्रे तांब्याच्या टोकांत दाबून वीज सोडतात आणि मधे पाच-सहा मिलिमीटरचं बटण वितळून गोठतं. एका मोटारीच्या सांगाड्यात अशी काही हजार बटणं असतात. चांगलं बटण भोवतीच्या पत्र्यापेक्षा दणकट असतं, म्हणून छिन्नी घातली की पत्रा बटणाभोवती फाटतो आणि बटण पट्टीलाच चिकटून राहतं. पत्रा धड हवा असेल तर ड्रिलनं वरच्या पत्र्यातलं बटण तेवढं कोरून काढायचं.

इथे गॅस का नाही, हे मात्र प्रत्येक कारागिराला ठाऊक असायला हवं. जस्त ९०७ अंशांना उकळतं. त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप चढतो, तोंडाला धातूची चव येते. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. वर दूध प्यायलं की बाधत नाही असा समज आहे, पण दूध पोटात जातं आणि धूर फुप्फुसात. कापायचंच असेल तर आधी तिथलं जस्त घासून काढावं, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूनं उभं राहावं आणि योग्य मास्क लावावा.

दादांनी छिन्नीच चालवली. तासाभरात काट्यावर तीन ढीग होते: लोखंड, स्टील, पत्रा. स्टीलच्या ढिगावर त्यांनी शेवटी लोहचुंबक फिरवला आणि चिकटून आलेला अँगलचा बोटभर तुकडा लोखंडात टाकला.