गोंगफू चहा: वास झाकणाचा, घोटाचा आणि रिकाम्या कपाचा

वाळलेल्या चहाच्या पत्तीत गंध देणारी द्रव्यं वजनाने ०.१ टक्क्याहूनही कमी असतात. तुरटपणा आणणारी कॅटेचिन्स आणि त्यांची भावंडं मात्र त्याच्या शेकडो पट. सुवास यावा म्हणून पत्ती जास्त वेळ मुरत ठेवावी, तर तुरटपणा त्याच्यावर कुरघोडी करतो. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या छाओझौ शहरात यावर जो तोडगा निघाला, तो म्हणजे गोंगफू चहा: पत्ती भरपूर, पाणी थोडं, वेळ अगदी कमी, आणि तीच पत्ती पुन्हापुन्हा.

चहापरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती घेऊन ती ६ मिनिटं मुरवतात. छाओझौत तेवढ्याच पाण्याला ७ ते ८ ग्रॅम पत्ती घेतात आणि काही सेकंदांत चहा ओतून मोकळे होतात. २०२२ मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीला आणि तिच्याशी जोडलेल्या चालीरीतींना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं, त्यात ही पद्धतही आहे. वारसा म्हटलं की लोक हात जोडून लांब उभे राहतात. इथे जवळ जाऊन पाहायला हवं, कारण जवळजवळ प्रत्येक हालचाल नाकासाठी केलेली आहे.

शहराच्या उत्तरेला फेंगहुआंग डोंगर आहे. तिथला दानछोंग हा ऊलाँग प्रकारातला, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा वासावरूनच ओळखला जातो. मध आणि ऑर्किडच्या वासाचा मी लान श्यांग, बदामी वासाचा शिंगरन श्यांग, अनंताच्या फुलाची आठवण करून देणारा हुआंग झी श्यांग. यात फूल एकही घातलेलं नसतं. खुडलेलं पान लगेच मरत नाही, त्याचा हा परिणाम. थोडं उन्हात सुकवून ते बांबूच्या पसरट सुपांत रात्रभर अधूनमधून हलवतात. कडा एकमेकींवर घासून ठेचाळतात आणि जिवंत पान त्या जखमांना उत्तर म्हणून नवी रसायनं बनवू लागतं. सततच्या इजेमुळे इंडोल आणि नेरोलिडॉल वाढत जातात. इंडोलचा साठा नाकाजवळ नेला तर डांबरगोळीसारखा उग्र वाटतो, पण अगदी विरळ झाल्यावर तेच द्रव्य फुलासारखं दरवळतं. मोगऱ्याच्या सुवासातही ते आहे.

कडा लालसर झाल्या आणि गवताळ वास गेला, की तापलेल्या कढईत पत्ती परततात. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात आणि वास तिथेच थांबतो. मग पत्ती वळणं आणि मंद आचेवर भाजणं. भाजताना साखर आणि अमिनो आम्लांच्या संयोगातून खरपूस वासाची पायराझिन्स तयार होतात.

आता चहा करू. जुनं भांडं म्हणजे लाल मातीची छोटी किटली. आज बरेच जण गायवान वापरतात, म्हणजे झाकण आणि बशी असलेली पातळ पांढरी चिनी मातीची वाटी. नवख्याने गायवानच घ्यावी. तिला कुठलाच वास लागून राहत नाही. मातीचं सच्छिद्र भांडं आधीच्या चहाचा वास धरून ठेवतं, म्हणून ते एकाच जातीच्या चहाला राखून ठेवावं लागतं. पाणी हलकं हवं. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम चहावर तवंग आणतं आणि वास दबून जातो. पाणी उकळतंच घ्यावं. मुंबईत ते १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण ९५-९६ अंशांना, म्हणून तिथे दोन-चार सेकंद जास्त द्यावेत.

वाटी आणि कप आधणाच्या पाण्याने गरम करून घ्या. थंड भांडं पहिल्याच क्षणी पाण्याची उष्णता खातं आणि वास मागे राहतो. पत्ती किटलीत भरायची असेल तर छाओझौतली रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे: अख्खी, जाड पानं तोटीजवळ, चुरा मधोमध, वर पुन्हा मोठी पानं. चुरा तोटीपाशी गेला तर धार अडते. उकळत्या पाण्याचं भांडं उंच धरून पाणी काठाकाठाने सोडायचं, मध्यावर आदळू द्यायचं नाही. मधला चुरा घुसळला गेला की चहा कडू होतो, कारण चुऱ्याचा पाण्याला भिडणारा पृष्ठभाग अख्ख्या पानापेक्षा कितीतरी जास्त असतो. वर फेस येतो तो पत्तीतल्या सॅपोनिन्सचा. झाकणाच्या कडेने तो बाजूला सारायचा. हे पहिलं पाणी लगेच कपांवर ओतून टाकतात.

दुसऱ्यांदा पाणी घातलं, की पाच ते दहा सेकंदांत ओता. कप परंपरेने तीनच, माणसं कितीही असोत, आळीपाळीने प्यायचं. ओतताना हात खाली, कपांच्या अगदी जवळ. उंचावरून ओतलं तर चहा निवतो, फेसाळतो आणि वास खोलीत जातो. एक कप भरून दुसऱ्याकडे न जाता तिन्ही कपांवरून गोल फिरत राहायचं, आणि शेवटचे थेंब प्रत्येकात मोजून सोडायचे. तळाचा चहा सर्वांत दाट असतो, तो एकाच्याच वाट्याला येऊ नये. वाटीत थेंबही शिल्लक नको. उरलेलं पाणी पत्तीत मुरत राहतं आणि पुढच्या चहात कडवटपणा घेऊन येतं. नवख्यांचा चहा बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. पुढे तिसऱ्या-चौथ्या पाण्यापर्यंत वेळ तेवढाच ठेवा, नंतर दर वेळी पाच-दहा सेकंदांनी वाढवा. चांगला दानछोंग आठ-दहा पाणी सहज देतो.

वास घ्यायचा तो तीन ठिकाणी. पहिलं झाकण. चहातल्या सुवासिक द्रव्यांपैकी लिनालूल १९८ अंशांना उकळतं, जिरॅनिऑल २३० च्या आसपास, तरी वाफेबरोबर ती वर चढतात आणि झाकणाच्या आतल्या थेंबांत अडकतात. चहा ओतून झाल्याबरोबर झाकण नाकाशी तिरकं धरून दोन सेकंद हुंगा, मग बाजूला करा. सतत हुंगत राहिलं तर नाक त्या वासाला सरावतं आणि काहीच कळेनासं होतं. करपटपणा, गवताळपणा, कोंदटपणा, पत्तीचे सगळे दोष या गरम झाकणावर लपत नाहीत.

दुसरा वास घोटात. सुर्र आवाज करत घेतलेला घोट तोंडात तुषारांसारखा पसरतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशामागच्या वाटेने रेणू नाकाच्या वरच्या भागात पोचतात. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा हा असा मागल्या दाराने आलेला गंध असतो. इथे जे टिकतं तेच चहाच्या पाण्यात खरोखर उतरलेलं. झाकणावर दरवळ आणि घोटात काहीच नाही, असं झालं तर वरून सुगंध मारल्याची शंका घ्यावी.

तिसरा वास रिकाम्या कपाचा, आणि पत्तीची पारख करायला मला हाच सर्वांत भरवशाचा वाटतो. कप निवत जातो तसे हलके रेणू उडून जातात, जड रेणू काचेसारख्या गुळगुळीत थरावर रेंगाळतात. मधाचा, फळाचा गोडवा दोन-तीन मिनिटांनीही आला तर पत्ती उत्तम. तैवानमध्ये यासाठी उंच, अरुंद असा वेगळा हुंगण्याचा कप वापरतात. छाओझौत पिण्याच्याच कपावर भागतं. हे कप वासाच्या साबणाने घासू नयेत, नुसत्या गरम पाण्याने विसळावेत.

तिन्ही ठिकाणी फक्त कोळशाचा आणि भाजल्याचाच वास येत असेल तर पत्ती वाईट आहे असं लगेच ठरवू नका. नुकत्या भाजलेल्या चहात तो वास बाकी सगळं झाकून टाकतो. पुडा हवाबंद करून, मसाल्यांच्या डब्यांपासून दूर, महिना-दोन महिने ठेवा आणि मग पुन्हा करून पाहा.