हं म्हणायला कोणीतरी लागतं

आमच्या नौपाड्याच्या घरात दर पावसाळ्यात एकदा तरी २६ जुलैची गोष्ट होतेच. लोकल रखडल्याची पहिली बातमी टीव्हीवर आली की बाबा रिमोट खाली ठेवतात आणि सुरू, कुर्ल्याचं ऑफिस, एलबीएस रोडवर छातीपर्यंत पाणी, भांडुपला कुठल्याशा बाईंनी दिलेला चहा आणि पार्ले-जी, आणि मग पहाटे ठाण्यापर्यंत चालत. इथे आई किचनमधून ओरडते, "अहो, मुलुंडपासून ट्रकमधे बसून आलात की!" बाबा म्हणतात, "थोडंसंच." २००५ पासून हे असंच चाललंय.

त्या गोष्टीत माझाही एक सीन आहे. मी सात वर्षांची, दारात उभी, बाबांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात आणि एका बुटाच्या लेसला दुधाची फाटकी पिशवी अडकलेली. गेल्या वर्षी मी हे सांगितलं तर आई म्हणाली, "अगं तू कुठे होतीस इथे? बेलापूरला मावशीकडे अडकली होतीस, चार दिवसांनी आणलं तुला." पण ती पिशवी मला आत्ताही दिसते हो!

म्हणून जरा वाचायला घेतलं, तर कळलं हे फारच कॉमन आहे. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर सव्वा मिनिटात फुटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, काय करत होतात. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच परत विचारलं. ११ जणांचं सगळंच्या सगळं चुकलं. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काहींना नवीनच आठवण खरी वाटत राहिली. फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मधेच सांगून ठेवलं होतं की आठवण ही कपाटातून काढलेली फाइल नसते, दर वेळी ती नव्याने जुळवली जाते, आणि भोकं पडली असतील तिथे आपण आपल्या ओळखीचं काहीतरी भरतो. माझ्या आठवणीतल्या भोकात बाबांची गोष्ट आणि दुधाची पिशवी बसली, एवढंच.

आता खरी पंचाईत पुढे आहे. जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने १६९४ मधे मांडलं की काल जो होता तोच आज मी, कारण मला तो काल आठवतो. मग आठवणच उसनी असेल तर मी कोण? डॅन मॅकअॅडम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून यावर काम करतायत, ते लोकांना म्हणतात, तुमचं आयुष्य पुस्तक समजा, त्याची प्रकरणं पाडा, सगळ्यात वाईट प्रसंग सांगा, कुठे वळण लागलं ते सांगा. त्यांचं म्हणणं, आपण वयात येताना अशी एक गोष्ट रचायला लागतो आणि 'मी' म्हणजे बराचसा तीच. त्यात एक प्रकार त्यांना वारंवार सापडला, वाईटातून काहीतरी चांगलं निघालं असं सांगणारा, आणि असं सांगणारे लोक साधारणपणे जास्त समाधानी दिसतात. बाबांच्या गोष्टीत पाणी पाच मिनिटं असतं आणि भांडुपचा चहा पंधरा मिनिटं, ते आता कळलं.

सगळ्यांना हे पटत नाही. गेलन स्ट्रॉसन या तत्त्ववेत्त्याने २००४ मधे सरळ लिहिलं की काही माणसं आयुष्याकडे गोष्ट म्हणून बघतच नाहीत, आणि त्यांचं काही बिघडत नाही. आमची आई त्यातली असावी, तिला २६ जुलैबद्दल विचारलं तर म्हणते "लाइट नव्हते, मेणबत्त्या संपल्या", झालं.

मला मात्र सगळ्यात आवडला तो ऐकणाऱ्यांवरचा प्रयोग. कॅनडातल्या जॅनेट बाव्हेलास यांनी लोकांना आपण थोडक्यात कसे वाचलो याचे किस्से सांगायला लावले, आणि काही श्रोत्यांना गुपचूप सांगितलं, सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'टी' अक्षरापासून सुरू होणारे शब्द मोजत बसा. श्रोता समोरच, पण लक्ष मोजण्यात. तर सांगणाऱ्याची गोष्टच बिघडली, त्यातही शेवट, लोक अडखळायला लागले, उगाच स्पष्टीकरणं द्यायला लागले. मोनिशा पसुपती यांच्या प्रयोगात तर दुर्लक्ष करणाऱ्या मित्राला सांगितलेला अनुभव महिन्याभराने सांगणाऱ्यालाच कमी आठवत होता. आमची आजी म्हणायची, "हं म्हण, नाहीतर गोष्ट थांबली." तिला हुंकार हवा असायचा, मला वाटायचं मी झोपले का ते चेक करतेय.

यंदा लोकल रखडली तेव्हा आई नाशिकला होती. बाबा माझ्या भाच्याला सांगत होते, कुर्ला झालं, भांडुपचा चहा झाला, मुलुंड आलं आणि ते थांबले, किचनच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "इथे तुझी आजी म्हणते की मी ट्रकमधे बसलो."

"मग बसलात का?" भाच्याने विचारलं.

"थोडंसंच."