मनोविकारांची पूर्वचिन्हे व शिक्षक

विद्यार्थ्याचे वागणे, अभ्यास किंवा सोबत्यांशी असलेले संबंध यांतील टिकून राहणारा बदल ही मनोविकाराची सुरुवात असू शकते, हे वेळीच हेरून त्याला तज्ज्ञापर्यंत पोहोचविण्याची शिक्षकाची क्षमता. निदान हा तिचा भाग नाही. आयुष्यात केव्हाही जडणाऱ्या मनोविकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत झालेला असतो, असा रॉनल्ड केसलर व सहकाऱ्यांचा अमेरिकेतील पाहणीवर आधारलेला निष्कर्ष आहे (२००५).

या विषयाचा आरंभ कोठून धरावा, याबाबत मतभेद आहेत. लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले. तेथील पहिल्या मुलाला एका शिक्षिकेनेच आणले होते. म्हणून काही जण आरंभ तेथपर्यंत मागे नेतात. मात्र त्या मुलाची अडचण शुद्धलेखनाची होती. त्यामुळे ई. के. विकमन यांच्या १९२८ च्या अभ्यासापासून सुरुवात करणे अधिक सयुक्तिक वाटते. विकमन यांनी ५० वर्तनसमस्यांचे गांभीर्य ५११ शिक्षकांना व ३० मनःस्वास्थ्यतज्ज्ञांना ठरवावयास सांगितले. शिक्षकांनी चोरी, अश्लील बोलणे व लैंगिक वर्तन यांना वरचे स्थान दिले. तज्ज्ञांनी एकलकोंडेपणा, संशयीपणा, खिन्नता व भित्रेपणा यांना. शिक्षकांच्या अजाणतेपणाचा पुरावा म्हणून हा निष्कर्ष पुढे वारंवार उद्धृत झाला. तथापि दोन्ही गटांना दिलेल्या सूचनाच वेगळ्या होत्या: शिक्षकांनी आजचा उपद्रव मोजायचा होता, तज्ज्ञांनी मुलाच्या भवितव्यावरील परिणाम. मतांतील तफावतीचा काही वाटा या मांडणीचाच असावा. १९५० च्या दशकातील पुनरभ्यासात ती बरीच कमी झालेली आढळली. तरीही वर्गाला त्रास देणारे मूल चटकन नजरेत येते आणि मुकाट्याने मागे बसणारे निसटते, हे निरीक्षण ग्राह्य धरले जाते.

एकाच वयाची अनेक मुले रोज समोर असल्याने तुलना करण्याची सोय शिक्षकाला असते. पालकांना ती सहसा नसते. ढासळलेले गुण, वाढती गैरहजेरी, कारण न सापडणारी पोटदुखी वा डोकेदुखी, मित्रांपासून तुटणे ही नेहमीची चिन्हे होत. यांपैकी एखादे सुटे चिन्ह फारसे काही सांगत नाही. ते किती दिवस टिकते हे पाहावे लागते.

शिक्षकांनी भरावयाच्या प्रश्नावल्यांत मायकेल रटर यांची २६ विधानांची (१९६७) व रॉबर्ट गुडमन यांची २५ विधानांची (१९९७) या विशेष प्रचलित झाल्या. एकाच मुलाविषयी शिक्षक व पालक यांची उत्तरे मात्र फारशी जुळत नाहीत. टॉमस आकेनबाख व सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र तपासले (१९८७), तेव्हा अशा भिन्न भूमिकांतील निरीक्षकांमधील सरासरी सहसंबंध (उत्तरे कितपत जुळतात याचे माप; पूर्ण जुळल्यास १, मुळीच न जुळल्यास ०) ०.२८ इतकाच भरला. हा दोष नसून मूल घरी व शाळेत वेगळे वागत असल्याचा परिणाम आहे, असे त्यांचे स्पष्टीकरण.

‘मानसिक आरोग्य साक्षरता’ (मनोविकार ओळखण्यास व त्यांवर मदत मिळविण्यास उपयोगी पडणारी जाण) ही संज्ञा अँथनी जॉर्म व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रूढ केली. ऑस्ट्रेलियातील माध्यमिक शिक्षकांवरील त्यांच्या प्रशिक्षणप्रयोगात (२०१०) शिक्षकांचे ज्ञान वाढले व पूर्वग्रह कमी झाले. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यात मात्र फरक आढळला नाही.