काउबॉय नेमबाजीतील परकशन रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती

परकशन रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती : धातूचे काडतूस रूढ होण्यापूर्वीच्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या आज नव्याने घडवल्या जाणाऱ्या, प्रत्यक्ष गोळी झाडता येणाऱ्या नकला. ठासणीच्या बंदुकीचेच हे फिरत्या चक्राचे रूप. चक्रातील प्रत्येक घरात समोरून काळी दारू भरून वर शिशाची गोळी दाबतात आणि मागच्या निपलवर (बारीक पोकळ खुंटीवर) स्फोटक मसाल्याची इवलीशी तांब्याची टोपी बसवतात. घोडा (चाप ओढताच सुटणारी हातोडी) टोपीवर आपटला की ठिणगी आत शिरून दारू पेटते. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ आणि १८६० च्या ‘आर्मी’ या नमुन्यांच्या व रेमिंग्टनच्या ‘न्यू मॉडेल आर्मी’च्या प्रतिकृती सर्वत्र दिसतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्या आडवाटेच्या भावंडांविषयी आहे.

या नकलांचे माहेर अमेरिकेत नसून इटलीत, ब्रेशा प्रांतातील बंदूकनिर्मितीच्या जुन्या पट्ट्यात आहे. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी (१९६१–६५) जवळ आली तसा जुन्या शस्त्रांचा शौक वाढला. ‘नेव्ही आर्म्स’ या अमेरिकन कंपनीचे व्हॅल फॉर्गेट यांनी इटालियन कारागिरांकडून कोल्ट नेव्हीची नक्कल करून घेतली. अल्दो उबेर्ती यांचा कारखाना १९५९ मध्ये गार्दोने व्हाल त्रोम्पिया येथे उभा राहिला आणि पुढे पिएत्ता हे दुसरे मोठे नाव झाले. नेहमीचे नमुने हातोहात खपू लागल्यावर विस्मृतीत गेलेली शस्त्रेही पुन्हा साच्यात आली.

काउबॉय नेमबाजीची सुरुवात १९८० च्या दशकारंभी दक्षिण कॅलिफोर्नियात झाली. १९८७ मध्ये ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ स्थापन झाली. सदस्याने टोपणनाव घ्यायचे, एकोणिसाव्या शतकाला शोभेल असा पोशाख करायचा आणि दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर रायफल व एक शॉटगन घेऊन पोलादी लक्ष्ये ठरलेल्या क्रमाने पाडायची. वेळ घड्याळ मोजते आणि प्रत्येक चुकलेल्या गोळीमागे ५ सेकंद वाढतात. परकशन रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी ‘फ्रंटियर्समन’ हा गट आहे. त्यात काळी दारू वापरावी लागते आणि रिव्हॉल्व्हर एका हातात, दुसऱ्या हाताचा आधार न घेता धरावे लागते. घोड्याखालचे घर रिकामे ठेवायचे, म्हणून सहा घरांच्या चक्रातून पाचच गोळ्या झाडल्या जातात. या एका नियमाने अनेक चमत्कारिक शस्त्रांचे गणित बिघडते.

सर्वांत नावाजलेले उदाहरण ल माट रिव्हॉल्व्हरचे. न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर झाँ आलेक्सांद्र ल माट यांनी १८५६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. चक्रात नऊ घरे. आणि चक्र ज्या आसाभोवती फिरते तो आस म्हणजेच छर्रे झाडणारी दुसरी नळी. घोड्याच्या टोकाला एक छोटी कळ असते. ती वर असताना घोडा चक्रातील टोपीवर पडतो, खाली वळवली की मधल्या नळीच्या टोपीवर. यादवी युद्धात दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) फौजेतील जनरल ब्यूरेगार्ड यांचे या शस्त्राला पाठबळ होते आणि घोडदळाचे जेब स्टुअर्टही ते बाळगत. एकूण उत्पादन मात्र तीन हजारांच्या आतच राहिले. पिएत्ताची नक्कल हातात घेतली की पुढचा भार लगेच जाणवतो, आणि एका हाताने नेम धरायच्या गटात तो जास्तच खुपतो. शिवाय पाच गोळ्यांच्या खेळात नऊ घरांचा फायदा शून्य. छऱ्यांच्या नळीला तर रिव्हॉल्व्हरच्या फेरीत कामच नाही. तरीही कुणी ल माट घेऊन उतरले की गर्दी तिथेच जमते, हे खरे.

स्टार रिव्हॉल्व्हरची अडचण निराळी. त्याच्या १८५८ च्या नमुन्यात चाप दाबताच घोडा आपोआप उचलला जाई. ही सोय काळाच्या पुढची होती, पण गुंतागुंतीची आणि महाग. म्हणून संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, लष्करासाठी १८६३ मध्ये साधा, अंगठ्याने घोडा ओढायचा नमुना आला. खेळात एकेरी क्रियेचीच, म्हणजे दर वेळी घोडा हाताने ओढायची, रिव्हॉल्व्हर चालतात, त्यामुळे हा उतरता नमुनाच आज उपयोगी ठरतो. त्याच्या चक्राला वेगळी आसकांडी (चक्र जिच्यावर फिरते ती दांडी) नसते. रेमिंग्टनचे चक्र काजळीने जखडते तो त्रास इथे कमी.

दक्षिणेच्या राज्यांत लोखंडाची टंचाई होती. जॉर्जियातील ग्रिसवोल्डव्हिल येथे सॅम्युएल ग्रिसवोल्ड यांच्या कापूस पिंजण्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात कोल्ट नेव्हीची पितळी सांगाड्याची नक्कल होऊ लागली. ती घडवणारे बहुतेक कामगार गुलाम होते. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याने तो कारखाना जाळला. ‘स्पिलर अँड बर’ हेही असेच पितळी शस्त्र, व्हिटनी या बंदूक कारखान्याच्या नमुन्यावरचे. आजच्या प्रतिकृतींत इथेच मोठी भेसळ आढळते. ‘कॉन्फेडरेट नेव्ही’ म्हणून विकले जाणारे ०.४४ कॅलिबरचे (नळीचा व्यास इंचांत) पितळी रिव्हॉल्व्हर इतिहासात कधी नव्हतेच. मूळ नेव्ही ०.३६ ची. बोटभर नळीची, पक्ष्याच्या डोक्यासारख्या मुठीची आजची रूपेही कारखानदारांची कल्पनाच आहे. खेळाचे नियम त्यांच्याकडे सहसा कानाडोळा करतात. पितळ मात्र करत नाही. जास्त दारू भरत राहिल्यास चक्राच्या मागच्या पितळेत खाचा उमटतात आणि आसकांडी सैल होते. पंधरा-वीस ग्रेन, म्हणजे एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास दारूवर ती बरीच वर्षे टिकतात. पोलादी लक्ष्य जवळच असते, तेवढी पुरते.

आकाराची टोकेही अडचणीचीच. १८४७ चे कोल्ट वॉकर रिकामेच दोन किलोंहून जड आणि एका घरात ६० ग्रेन दारू मावणारे. झाडल्यावर त्याची ठासणीची दांडी आपोआप खाली लोंबते. कोल्ट पॅटरसनला पाचच घरे आणि घोडा ओढल्यावरच बाहेर येणारा चाप. एक घर रिकामे ठेवले की हाती चारच गोळ्या. ०.३१ कॅलिबरची खिशातली रिव्हॉल्व्हर मुख्य सामन्याच्या किमान ०.३६ च्या अटीत बसत नाहीत, त्यांना जोडसामन्यांत जागा मिळते.

नमुना कोणताही असो, खरा शत्रू फुटलेली टोपी. कोल्टचा सांगाडा वरून उघडा. घोडा मागे ओढताना टोपीचा तुकडा त्याच्या खाचेत पडला की यंत्रणा अडते आणि घड्याळ पळत राहते. अनुभवी खेळाडू निपल बदलतात, घोड्याची खाच भरतात किंवा तुकडा अडवणारी खुंटी बसवून घेतात. एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून चक्राच्या तोंडाशी चरबी किंवा मेणाचा थर देतात. संध्याकाळी सगळे सुटे करून गरम पाण्याने आणि साबणाने धुणे आलेच, नाहीतर काळ्या दारूचा क्षार लोखंड खातो.

आडवाटेच्या नमुन्यांत नेमबाजीसाठी सर्वांत गुणी रॉजर्स अँड स्पेन्सर. लष्कराने ५,००० मागवली, ती १८६५ मध्ये युद्ध संपताना पोहोचली आणि वापराविना पडून राहिली. बंदिस्त सांगाडा आणि हातात चपखल बसणारी मूठ यांमुळे युरोपात जर्मनीच्या फाइनवेर्कबाउनेही त्याची प्रतिकृती काढली. तिथे ठासणीच्या शस्त्रांच्या सामन्यांत २५ मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर सावकाश नेम धरून गोळ्या झाडतात, आणि गुण वेळेला नव्हे, नेमाला मिळतात.