जड स्प्रिंग म्हणजे मोठा बंप नव्हे

मेकॅनिकल कीबोर्डच्या प्रत्येक कळीखाली स्विच असतो; दाबताना मध्येच बोटाला हलका अडथळा, म्हणजे बंप, जाणवतो तो टॅक्टाइल स्विच. ‘बंप ठसठशीत हवा तर जड स्प्रिंगचा टॅक्टाइल स्विच घ्या’ हा सल्ला पणजी-मडगावातही सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. बंप घडतो स्टेमच्या, म्हणजे कळीसोबत खाली-वर होणाऱ्या दांड्याच्या, पायांवरच्या उंचवट्यामुळे. कळ दाबताना तो आतल्या धातूच्या पातळ पट्टीवरून घासत खाली सरकतो. स्प्रिंग कळ वर ढकलते, बस्स. उलट ती फार जड असली तर बंप तिच्या जोरात बुडतो. चेरी एमएक्स ब्राउन या टॅक्टाइल स्विचचा बंप मुळातच पुसट, तिथे स्प्रिंग बदलून काय साधणार?

ग्रीस लावायचंच तर स्टेम ज्यांवर सरकतो त्या रुळांना, तेही पातळ. पायांना लागलं की बंप बोथट. पावसाळ्यात उघडलेले स्विच तसेच ठेवू नका, खाऱ्या दमट हवेत पट्टी काळवंडू शकते. मग एक अक्षर दोनदा उमटतं. अख्ख्या कीबोर्डसाठी सत्तर स्विच घेण्याआधी चार-पाच सुटे मागवा.