श्रद्धांजली आणि धडा: शाळेत या दोन्हींची गल्लत होते

एखाद्या मोठ्या दुर्घटनेची तारीख आली की शाळेत सगळे उभे राहतात, दोन मिनिटं मौन पाळलं जातं, कुणीतरी पाठ केलेलं भाषण म्हणतं, भिंतीवर पोस्टरं लागतात. मग विषय ‘झाला’ असं धरलं जातं. श्रद्धांजली वाहिली हे खरं, पण शिकवलं काय? उलटही घडतं. इतिहासाच्या तासाला मृतांचे आकडे फळ्यावर येतात, प्रश्नोत्तरं उतरवून घेतली जातात, आणि ज्या मुलाच्या घरचं माणूस त्यात गेलं आहे ते मूल खाली मान घालून तेच आकडे वहीत लिहीत बसतं.

घटना एकच असल्यामुळे स्मरण आणि शिकवणं ही दोन कामं एकच वाटतात. पण स्मरणाचा प्रश्न असतो, कोण गेलं? धड्याचे प्रश्न असतात, कसं गेलं, कुणाच्या निर्णयामुळे, आणि काय केलं असतं तर टळलं असतं? पहिल्याला शांतता लागते, दुसऱ्याला हात वर करून बोलायची मोकळीक.

फरक नीट दिसतो तो जपानमध्ये. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्राखाली भूकंप झाला. दरवर्षी त्या दिवशी लोक बरोबर त्या मिनिटाला स्तब्ध उभे राहतात. इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेतली ७४ मुलं आणि १० शिक्षक मात्र त्या मिनिटाला गेले नव्हते. भूकंपानंतर सगळे मैदानात जमले आणि सुमारे पन्नास मिनिटं तिथंच थांबले. शाळेच्या मागेच टेकडी होती. शाळेच्याच उपक्रमात मुलांनी त्या टेकडीवर शिताके अळिंबी वाढवली होती, म्हणजे जागा ओळखीची होती. अखेर सगळे निघाले ते नदीवरच्या पुलाजवळच्या जराशा उंच जागेकडे, आणि वाटेत त्सुनामीनं गाठलं. शाळेच्या आपत्कालीन सूचनांमध्ये मैदानातून पुढे कुठं जायचं, तर ‘जवळची मोकळी जागा, उद्यान वगैरे’ एवढंच लिहिलेलं होतं. काही मुलांचे पालक कोर्टात गेले. आधीची तयारीच अपुरी होती, असा निकाल सेन्दाई उच्च न्यायालयानं २०१८ साली दिला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला.

मौन पाळलं जातं ते भूकंपाच्या मिनिटाचं. धडा आहे तो त्यानंतरच्या पन्नास मिनिटांत आणि सूचनांमधल्या त्या मोघम ओळीत. दोन मिनिटं कितीही मनापासून उभं राहिलं तरी तिथवर पोहोचता येत नाही. त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावरच्या कामाईशी शहरात मोठी मुलं धाकट्यांना बरोबर घेऊन चढाकडे पळाली आणि वाचली. जुन्या त्सुनामींवरून काय शिकायचं, याचे पाठ आणि सराव त्यांनी आधी केलेले होते.

शाळांना श्रद्धांजली सोपी वाटते याचं एक कारण सरळ आहे, तिच्यात कुणाला दोष द्यावा लागत नाही. वेल्समधल्या ॲबरफॅन गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. त्यांच्यासाठी मान खाली घालणं कुणालाही जमतं. पण तो ढीग पाण्याच्या झऱ्यांवर रचला होता, चौकशी समितीनं सरकारी कोळसा मंडळाला जबाबदार धरलं, आणि उरलेले ढीग हटवण्याच्या खर्चासाठी पीडितांसाठी जमलेल्या निधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले, हे वर्गात सांगायचं तर शिक्षकाला अवघडल्यासारखं होतं. ती रक्कम परत मिळायला १९९७ साल उजाडलं. माझ्या मते ॲबरफॅनचा धडा या वाक्यांपासून सुरू होतो.

याचा अर्थ धडा जितका अंगावर येईल तितका चांगला, असा मात्र नाही. पश्चिम जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाखला राजकीय शिक्षणाची जी तत्त्वं मांडली गेली, त्यांतलं पहिलं असं की विद्यार्थ्याला भारावून टाकून आपल्या मताकडे ओढायचं नाही. मुलांना कैदी आणि पहारेकरी बनवून ‘अनुभव’ द्यायचे प्रयोग काही वर्गांत होतात. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मारक संग्रहालय शिक्षकांना अशा खेळांपासून दूर राहायला सांगतं, आणि ते बरोबरच आहे. छळछावणीत काय झालं हे मुलाला त्यातून कळत नाही. उलट, आपल्याला कळलं असं वाटू लागतं, आणि ते जास्त वाईट.

स्मरणाची अडचण वेगळी. ते ‘आपण सगळे’ गृहीत धरतं. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर मारले गेलेल्यांची आणि मारणाऱ्यांची मुलं एकाच वर्गात बसू लागली. ७ एप्रिलला राष्ट्रीय स्मरण सुरू होतं, पण शाळांतलं देशाच्या इतिहासाचं शिक्षण अनेक वर्षं थांबवलेलं होतं. कोणता इतिहास शिकवायचा, हेच ठरत नव्हतं. म्हणजे स्मरण होतं आणि धडा नव्हता. अशा वर्गात मौनाच्या दोन मिनिटांत कोण काय आठवत असेल, हे शिक्षकाला कळायला मार्ग नाही.

दोन्ही एकत्र जमतात ते क्वचित. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपाच्या तारखेला जपान १९६० पासून आपत्ती प्रतिबंध दिन पाळतो, आणि त्या सुमारास शाळाशाळांत बाहेर पडायचा सराव होतो. मेलेल्यांची तारीख आणि जिवंत मुलांच्या पायांना वळण, दोन्ही एका दिवशी. नैसर्गिक आपत्तीत हे साधतं. कत्तलीचा असा सराव नसतो, तिथं तास वेगळा घ्यावाच लागतो.

मला विचाराल तर धडा आधी घ्यावा, तारखेच्या आठवडाभर अलीकडे, प्रश्नांना भरपूर वेळ ठेवून. मौन नंतर, छोटं, आणि ज्याला नको त्याला बाहेर थांबायची मुभा देऊन. अगदी लहान मुलांना मौनात उभं करू नये. कारण न कळता घाबरायला तेवढं पुरतं. ज्या घरावर ते ओढवलं आहे, तिथल्या मुलाला आदल्या दिवशी एकट्याला गाठून सांगावं आणि त्यानं आपणहून म्हटल्याशिवाय त्याला बोलायला लावू नये. धड्यावर परीक्षेत प्रश्न विचारायला हरकत नाही. मृतांवरच्या निबंधाला पहिला क्रमांक देणं मात्र यातल्या कशातच बसत नाही, ते बंद केलेलं बरं.