देविका राणी: मालाड सोडल्यानंतर

अभिनेत्री देविका राणींचं नाव निघालं की बोलणं १९३६ च्या ‘अछूत कन्या’पाशी येऊन थांबतं. पडद्यावर त्या वावरल्या ते जेमतेम दहा वर्षं, १९३३ च्या ‘कर्मा’पासून १९४३ च्या ‘हमारी बात’पर्यंत. त्यानंतर त्या पन्नास वर्षं जगल्या, आणि त्यातला मोठा काळ बंगळुरूच्या वेशीवर गेला. त्या काळाकडे आपण फारसं पाहिलेलंच नाही.

प्रेमापोटी त्यांनी सिनेमा सोडला, असं सांगतात. मला ते अपुरं वाटतं. १९३४ मध्ये पती आणि निर्माते हिमांशु राय यांच्यासोबत त्यांनी मुंबईत मालाडला बॉम्बे टॉकीज ही चित्रपट कंपनी उभी केली. १९४० मध्ये राय गेले आणि निर्मितीची धुरा त्यांच्याकडे आली. कंपनीत तट पडले; १९४३ मध्ये निर्माते शशधर मुखर्जी, अभिनेते अशोक कुमार आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, त्यांनी फिल्मिस्तान ही वेगळी कंपनी काढली. तरीही देविका राणींनी दिलीप कुमारसारखा नवखा मुलगा हेरला आणि १९४४ च्या ‘ज्वार भाटा’त त्याला उभं केलं. १९४५ मध्ये चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी लग्न करून त्यांनी मुंबई सोडली, तेव्हा एकहाती चालवलेल्या भांडणांचा शीणही सोबत असणारच.

आधी कुलू खोऱ्यातलं नग्गर, मग बंगळुरू. तिथे कनकपुरा रस्त्यावर तातगुणीला या दोघांची साडेचारशे एकरांहून मोठी इस्टेट होती. तिथे मुख्य पीक लिनालोचं. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. त्याच्या फळांच्या टरफलांतून वाफेवर सुगंधी तेल काढतात आणि ते अत्तर, साबण, सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात जातं. लागवड, तोडणी, तेल काढणं, विक्री: एके काळी स्टुडिओ चालवणाऱ्या बाईंच्या घरचा कारभार आता हा होता. १९६९ सालचा पहिलावहिला दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा कॅमेऱ्यापुढून उठून त्यांना पाव शतक उलटलं होतं.

१९९३ च्या जानेवारीत रोरिक गेले, १९९४ च्या मार्चमध्ये देविका राणी. मूलबाळ नव्हतं. जमिनीवर दावे सांगणारे पुढे आले. कर्नाटक सरकारने १९९६ मध्ये इस्टेट ताब्यात घेण्यासाठी खास कायदा केला, त्याच्या नावातच ‘देविका राणी रोरिक’ आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि मालमत्तेच्या हक्कावरच्या खटल्यांत वकील आजही त्या निकालाचा दाखला देतात.